ढोबळी मिरची : दोष हवेचा की बियाण्याचा?

शाळेच्या परसबागेत किंवा घरामागच्या वाफ्यात ढोबळी मिरची लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली अशी : "झाड छान वाढले, पानांनी भरले, फुलेही पुष्कळ आली, पण सगळी गळून गेली. बियाणेच खराब निघाले." दुसरी अशी : "गेल्या वर्षीच्या चांगल्या फळातले बी धरून लावले, तर या वर्षी फळे तिखट! आमच्याकडच्या उन्हाचा आणि मातीचाच हा गुण."

तक्रारी दोन्ही खऱ्या आहेत, पण कारणांची अदलाबदल झाली आहे. फुले गळाली ती बहुधा हवेमुळे, त्यातही रात्रीच्या हवेमुळे. बियाणे कितीही उत्तम असते तरी ती गळालीच असती. उलट फळे तिखट झाली ती आनुवंशिकतेमुळे. त्यात उन्हाचा किंवा मातीचा काहीही हात नाही.

निदान चुकले की उपायही चुकतो. पहिला माणूस पुढल्या वर्षी महागडे संकरित बियाणे आणतो, ते त्याच चुकीच्या महिन्यात लावतो आणि पुन्हा फुले गळताना पाहतो. दुसरा माती बदलतो, सावली करतो, पाणी वाढवतो आणि बी मात्र पुन्हा तशाच फळाचे धरतो. सजीवाचे कोणते गुण परिस्थितीने ठरतात आणि कोणते वारशाने, हा प्रश्न आपण वर्गात शिकवतोच. ढोबळी मिरचीच्या एका झाडावर त्याच्या दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात. म्हणून या झाडाकडे जरा बारकाईने पाहू या.

थंड हवेची भाजी?

या भाजीला कोणी ढोबळी मिरची म्हणतात, मुंबई-कोकणाकडे भोपळी मिरची म्हणतात आणि बाजारात सर्रास सिमला मिरची म्हणतात. या शेवटच्या नावामुळे ती थंड प्रदेशातली वनस्पती आहे असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लवंगी, ज्वाला, ब्याडगी आणि ढोबळी या सगळ्या मिरच्या 'कॅप्सिकम ॲन्यूम' या एकाच जातीच्या आहेत. तिचे मूळ घर मेक्सिको व आसपासचा उष्ण प्रदेश. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आणली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर आली आणि तेथून देशभर पसरली. टोमॅटो, वांगे, बटाटा आणि तंबाखू यांच्याच कुळातली ही वनस्पती आहे.

तिच्या शास्त्रीय नावातही एक गंमत आहे. 'ॲन्यूम' म्हणजे वर्षायू, एका वर्षात जीवनक्रम संपवणारी. लिनीअसने १७५३ साली हे नाव रूढ केले. युरोपात हिवाळ्यात पाणी गोठते आणि मिरचीचे झाड मरते, त्यामुळे तेथे ती वर्षायू दिसते. पण जेथे दहिवर गोठत नाही अशा ठिकाणी हेच झाड दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. त्याचे खोड बुंध्याशी चक्क लाकडासारखे होते. म्हणजे वर्षायू असणे हा तिचा स्वभाव नव्हे; ती युरोपातल्या हिवाळ्याची करणी आहे. परिस्थितीचा परिणाम हाच सजीवाचा गुण समजला जाण्याचे हे पहिले उदाहरण झाले.

महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दहिवर गोठते, निफाडला काही रात्री पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. असे अपवाद सोडले तर कोकण, गोवा आणि देशावरचा बहुतेक भाग मिरचीच्या दृष्टीने गोठणमुक्त आहे. थंडीने झाड मरण्याची भीती आपल्याकडे जवळजवळ नाही. मग अडचण कोठे येते?

फुले का गळतात?

मिरचीच्या झाडाची बांधणी पाहा. आठ-दहा पाने आली की शेंड्याला पहिले फूल येते आणि तेथेच खोडाला दोन किंवा तीन फांद्या फुटतात. प्रत्येक फांदी पुढे पुन्हा दुभंगते आणि त्या बेचक्यात पुन्हा फूल येते. त्यामुळे कितव्या बेचक्यातले फूल टिकले व कितव्यातले गळाले याची नोंद विद्यार्थ्यांनाही सहज ठेवता येते.

फूल पांढरे, खाली मान घातलेले असते. मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती निळसर परागकोश. एकाच फुलात दोन्ही अवयव असल्याने बहुतेक फुलांचे स्वपरागण होते. वाऱ्याने फांदी हलली तरी ते पुरते. परागकण कुक्षीवर रुजतात, त्यांच्या नलिका अंडाशयात उतरतात आणि बीजांडांचे फलन होते. मग वाढू लागलेल्या बिया ऑक्झिन हे संप्रेरक तयार करतात. फळाची भिंत वाढवणे आणि देठ फांदीला धरून ठेवणे ही दोन्ही कामे या संप्रेरकाच्या जोरावर चालतात. बिया नीट धरल्या नाहीत तर एथिलीनचे पारडे जड होते, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल पडतो आणि फूल गळते. म्हणजे गळती हा अपघात नसतो. जे फळ वाढवणे परवडणार नाही ते झाड स्वतःच सोडून देत असते.

आता यात तापमान कोठे येते ते पाहू. परागकण तयार होण्याची क्रिया उष्णतेला फार नाजूक असते. दिवसाचे तापमान ३२-३३ अंशांच्या वर राहू लागले की निकामी परागकणांचे प्रमाण वाढते. हे नुकसान फूल उमलण्याच्या कित्येक दिवस आधी, कळी लहान असतानाच झालेले असते. त्यामुळे आज हवा बरी असूनही फुले गळत असतील, तर गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांतली नोंद पाहावी लागते.

रात्रीचा प्रश्न याहून वेगळा. दिवसा पाने साखर तयार करतात. रात्री श्वसनात तिचा काही भाग खर्च होतो. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रात्र उकाड्याची असली की दिवसभराच्या कमाईतला मोठा हिस्सा झाड जगण्यावरच खर्च करते आणि कळ्यांच्या वाट्याला थोडे उरते. ढोबळी मिरचीला फळ धरण्यासाठी १६ ते २० अंशांची रात्र सर्वांत मानवते. २४ अंशांच्या वर रात्री राहू लागल्या की गळ सुरू होते. लहान फळाच्या तिखट मिरच्या हा ताण बराच सोसतात. त्यांना एका फळामागे थोडीच साखर लागते. ढोबळीचे एक फळ शंभर ते दीडशे ग्रॅमचे असते. ते पोसणे झाडाला जड जाते.

उलट रात्र फार गार झाली, म्हणजे १५ अंशांच्या बरीच खाली गेली, तरीही परागकण नीट तयार होत नाहीत. अशा वेळी फूल पुष्कळदा टिकते, पण फळ चपटे, टोकदार किंवा वेडेवाकडे होते. ते कापून पाहिले तर आत मोजक्याच बिया सापडतात. ज्या कप्प्यात बिया कमी, ती बाजू खुरटलेली. संप्रेरकाचे काम डोळ्यांना दाखवणारे याहून सोपे उदाहरण क्वचित मिळेल.

आणखी एक कारण हवेशी संबंधित नाही, पण ते ध्यानात ठेवावे. झाडावर चार-पाच फळे पोसत असतील तर त्यानंतरची फुले झाड बहुधा सोडून देते. फळे काढली की पुन्हा फुले टिकतात. ढोबळी मिरचीचा बहर असा लाटांनी येतो. हिरवी फळे वेळेवर तोडली की पुढची लाट लवकर येते.

आपल्याकडचे वेळापत्रक

आता हे आकडे आपल्या हवामानाशी ताडून पाहू. मुंबईत जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरीने १७ अंशांच्या आसपास असते, मे महिन्यात ते २७ च्या घरात जाते. पुण्यात ऑक्टोबरात ते सुमारे १९, नोव्हेंबरात १५, डिसेंबर-जानेवारीत १२ अंशांच्या जवळपास आणि मार्चमध्ये १६-१७ असते. एप्रिलमध्ये दिवसाचा पारा ३८ वर जातो. नागपुरात मे महिन्यात दिवस ४२-४३ आणि रात्र २८ अंशांची.

यावरून सरळ हिशेब निघतो. कोकणात फुले डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात यायला हवीत. पुण्यासारख्या पठारी भागात ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर यायला हवीत. तेथे डिसेंबर-जानेवारीत फळे सावकाश पोसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी लाट मिळते. विदर्भातही साधारण हेच, पण मार्चच्या पुढे आशा धरू नये. बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत अडीच महिने लागतात. म्हणून पठारावर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आणि कोकणात सप्टेंबरच्या उत्तरार्धात बी पेरावे. शाळेच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे : गणपतीच्या आगेमागे पेरणी, दिवाळीनंतर फुले, वार्षिक परीक्षेआधी तोडणी.

पेरणीसाठी कुंडी, जुनी घमेली किंवा गादीवाफा चालेल. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. माती २५ ते ३० अंश उबदार असली की आठ-दहा दिवसांत रोप वर येते. गार मातीत तीन आठवडेही लागतात. पेरलेल्या जागी पाणी साचले तर रोपे बुंध्याशी सडून कोलमडतात, म्हणून पाणी बेताचे द्यावे. पाच-सहा आठवड्यांची, बोटभर उंचीपेक्षा थोडी मोठी रोपे ४५ सेंटिमीटर अंतरावर लावावीत. माती भुसभुशीत, निचऱ्याची आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळलेली असावी. कुंडीत लावायचे तर ती निदान ३० सेंटिमीटर व्यासाची व तितकीच खोल हवी. पहिल्या बेचक्यातले फूल खुडून टाकले तर झाड आधी अंग धरते आणि पुढे जास्त फळे पोसते.

नत्रयुक्त खत वारेमाप दिले तर पाने दाट येतात आणि फुले मागे पडतात. पाण्यात चढउतार झाला, म्हणजे आठवडाभर कोरडे आणि मग एकदम भरपूर असे झाले, तर फळाच्या टोकाकडे काळपट, खोलगट डाग पडतो. हा रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच फळापर्यंत पोचते. प्रवाह तुटला की टोक उपाशी राहते. उसाचे पाचट किंवा पालापाचोळा बुंध्याभोवती पसरला तर ओल टिकते आणि मुळांपाशी माती गार राहते. फेब्रुवारीनंतर फळावर थेट ऊन पडले तर त्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. तेव्हा शेडनेट किंवा जुन्या सुती साडीची हलकी सावली करावी. सावलीने दिवसाचा ताप कमी होतो, रात्रीचा मात्र विशेष कमी होत नाही. म्हणून सावली केली तरी मुंबईत मे महिन्यात फळ धरत नाही.

पाने आकसून वर किंवा खाली वळू लागली की शेतकरी त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. फुलकिडे आणि कोळी रस शोषतात त्यामुळे हे होते, विषाणूंमुळेही होते. पानाची खालची बाजू भिंगाने रोज पाहणे हा पहिला उपाय. प्रादुर्भाव थोडा असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारला तर किडीला आळा बसतो. त्यासाठी निंबोळ्यांच्या आतल्या बियांची ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. विषाणूने पछाडलेले झाड उपटून टाकावे.

उन्हाळ्यात फळे आली नाहीत म्हणून निरोगी झाड उपटायची घाई करू नये. गोठण नसलेल्या प्रदेशाचा फायदा येथेच मिळतो. जूनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बेचक्यापर्यंत फांद्या छाटून झाड पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवले, तर नवी फूट येते आणि ऑक्टोबरपासून पुन्हा फळे धरतात. ती थोडी लहान असतात, पण रोपांपेक्षा लवकर येतात. कोकणात मात्र पावसात पाणी साचून मुळे गुदमरतात, तेव्हा तेथे हा प्रयोग कुंडीतच करावा.

हिरवी, पिवळी, लाल

हिरवी ढोबळी मिरची म्हणजे कच्चे फळ. फूल धरल्यापासून साधारण सहा आठवड्यांत ती पूर्ण आकाराची होते. झाडावर आणखी तीन-चार आठवडे राहू दिली तर रंगते. हरितलवकांतले हरितद्रव्य मोडत जाते, त्यांची वर्णलवके बनतात आणि त्यांत कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये साठतात. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन या द्रव्याचा. ते तयार करणारे विकर ज्या वाणात नसते त्याची वाटचाल पिवळ्या रंगापाशीच थांबते. हिरव्या फळात १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, लाल फळात ते सुमारे १२८ मिलिग्रॅम असते. हंगेरीतल्या सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले ते तिकडच्या लाल मिरचीपासूनच. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिखटपणाची जागा

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. मिरचीला तिखट करणारे मुख्य द्रव्य कॅप्सेसिन. जॉन थ्रेश यांनी १८७६ साली ते स्फटिकरूपात मिळवले आणि त्याला हे नाव दिले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात व स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणूनच तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दुधा-दह्याने लवकर आराम पडतो. तिखट ही चव नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. आपल्या चेतातंतूंवर अतिउष्णतेची सूचना देणारे एक प्रथिन असते. कॅप्सेसिन नेमके त्यालाच चेतवते आणि मेंदूला भाजल्याचा संदेश जातो. हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड जूलियस यांच्या गटाने ओळखले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. पक्ष्यांमधले हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरच्या खुशाल खातो.

मिरचीत कॅप्सेसिन कोठे असते? बहुतेकांचे उत्तर असते : बियांमध्ये. ते बरोबर नाही. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात आणि कप्प्यांच्या पडद्यांत ते तयार होते. बियांना लागते ते शेजारामुळे. पुढच्या विवेचनाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

ढोबळी मिरचीतही गाभा असतो, बिया असतात, पण कॅप्सेसिन नसते. याचे कारण एका जनुकात आहे. तिखटपणाचा वारसा एका प्रभावी जनुकाने ठरतो, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधनात आर. बी. देशपांडे यांचा १९३५ सालचा भारतीय मिरच्यांवरचा अभ्यास आजही उल्लेखला जातो. पुढे २००५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी हे जनुक नेमके ओळखले. कॅप्सेसिन बनवण्याच्या साखळीतले एक विकर त्याच्या सांगीवरून तयार होते. ढोबळी मिरचीत या जनुकाचा आरंभीचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा तुकडाच गळालेला आहे. सूचना अपुरी, म्हणून विकर नाही; विकर नाही, म्हणून कॅप्सेसिन नाही.

आता एक महत्त्वाचा भेद. ब्याडगी मिरची सौम्य असते, पण तिच्यात हे जनुक शाबूत असते. ते काम करते, फक्त कॅप्सेसिन थोडे तयार होते. अशा मिरच्यांचा तिखटपणा ऊन, पाण्याचा ताण आणि फळाचे वय यांनुसार कमीजास्त होतो. ढोबळी मिरचीचा सौम्यपणा या जातीचा नाही. तिच्यात यंत्राचा भागच नाही. ऊन कितीही तापले, पाणी कितीही तोडले, माती कोठलीही असली, तरी जे विकर मुळात नाही ते येणार कोठून? म्हणून 'आमच्या उन्हाने ढोबळी तिखट झाली' हे संभवत नाही.

शेजारची लवंगी

मग फळे तिखट येतात ती कशी? ढोबळीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते, असे पुष्कळ जण सांगतात. यात अर्धे सत्य आहे.

मिरचीत स्वपरागण मुख्य असले तरी मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि काही फुलांत परपरागण होते. समजा, ढोबळीच्या फुलावर लवंगीचे पराग पडले. फळ धरले. त्याची भिंत आणि गाभा ही सगळी आईच्या, म्हणजे ढोबळीच्या झाडाची ऊती आहे. परागकणातून आलेली जनुके फक्त बियांच्या आत गेली. कॅप्सेसिन तर गाभ्यात तयार होते. म्हणून हे फळ गोडच राहते. शेजार कसलाही असो, या वर्षीच्या फळावर त्याचा परिणाम होत नाही.

मक्याच्या कणसात एखादा दाणा शेजारच्या वाणाच्या रंगाचा निघतो, तो अनुभव बऱ्याच जणांना असतो आणि त्यावरून मिरचीचेही तसेच असेल असे वाटते. पण मक्यात आपल्याला दिसतो तो दाणा, म्हणजे बी; त्यात बापाचा वाटा असतो. मिरचीत आपण खातो ती बियांभोवतीची पेटी.

खरा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. त्या गोड फळातले बी पेरले की उगवणाऱ्या झाडाला एक जनुक आईकडून मोडके आणि एक बापाकडून चालू मिळालेले असते. चालू जनुक प्रभावी असल्याने त्या झाडाची सगळी फळे तिखट येतात. माणसाला वाटते, बी तर मी गोड फळाचेच धरले होते! पेरावे तसे उगवते हे खरेच आहे; पण फुलात काय पेरले गेले होते ते मधमाशीला ठाऊक, आपल्याला नव्हे.

येथे संकरित बियाण्यांवरचा एक आरोपही तपासून घेऊ. संकरित ढोबळीचे बी धरले तर पुढची झाडे आकार, रंग व उत्पन्न यांत एकसारखी येत नाहीत, हे खरे. पण तिच्या दोन्ही पालकांत तिखटपणाचे जनुक मोडकेच असते, म्हणून परका पराग आला नसेल तर त्या झाडांची फळे तिखट होऊ शकत नाहीत. तिखट फळ आले की बाहेरचा पराग आला, किंवा बियाण्यातच भेसळ होती, असे निश्चित समजावे.

बी धरायचे असेल तर उपाय सोपा आहे. निरोगी झाडावरच्या दोन-चार कळ्या उमलण्याआधी मलमलीच्या लहान पिशवीत बांधाव्यात, रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी द्यावी, फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. फळ पूर्ण लाल झाल्यावर बी काढून सावलीत वाळवावे. प्रमाणित बियाण्याचे उत्पादक यासाठी दोन वाणांत निदान २०० मीटर अंतर राखतात. शाळेला पिशवी पुरते.

वर्गासाठी तीन कामे

पहिले काम नोंदीचे. कमाल-किमान तापमापक बागेत सावलीत टांगावा. प्रत्येक उमललेल्या फुलाच्या देठाला तारखेची चिठ्ठी बांधावी. दहा दिवसांनी फूल टिकले की गळाले ते लिहावे. तीन महिन्यांनी रात्रीचे तापमान आणि टिकलेल्या फुलांचे शेकडा प्रमाण यांचा आलेख काढावा. दोन गावांतल्या शाळांनी एकाच पाकिटातले बी वाटून घेतले तर आणखी चांगले. बियाणे एकच, हवा वेगळी : फरक कशाचा ते आलेखच सांगेल.

दुसरे काम फळ उघडण्याचे. सुडौल आणि वेडीवाकडी अशी दहा-दहा फळे घेऊन प्रत्येकाचे वजन करावे आणि बिया मोजाव्यात. वजन आणि बियांची संख्या यांचा संबंध शोधावा.

तिसरे काम दोन-तीन वर्षांचे आहे, पण मेंडेलचे प्रमाण जिभेवर आणून देणारे आहे. उद्या उमलेल अशी ढोबळीची कळी चिमट्याने उघडून परागकोश काढून टाकावेत, कुक्षीवर ज्वाला मिरचीचे पराग लावावेत आणि कळी पिशवीत बांधावी. येणारे फळ चाखून पाहावे : ते गोडच असेल. त्याचे बी पुढच्या वर्षी पेरावे. सगळी झाडे तिखट फळांची येतील, आकार दोन्हींच्या मधला असेल. या झाडांची फुले पिशवीत बांधून स्वपरागण होऊ द्यावे आणि तिसऱ्या वर्षी ते बी पेरावे. आता सरासरीने चारांत एक झाड गोड फळांचे येईल. झाडे निदान २० तरी हवीत. केवळ आठच लावली तर दहांतून एक वेळ अशी येईल की एकही गोड झाड मिळणार नाही. मग वर्गाला वाटेल, नियमच चुकला! नमुना लहान असला की निष्कर्ष कसा फसतो, हा धडाही त्यातच मिळतो.

चाखण्याची काळजी घ्यावी. आधी शिक्षकांनी चाखावे, मुलांना गाभ्याचा मुगाएवढा तुकडाच द्यावा, दही हाताशी ठेवावे. ज्याची इच्छा नसेल त्याला आग्रह करू नये. हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवावेत. तोवर डोळ्यांना लावू नयेत.

एखादा विद्यार्थी "सर, फुले गळाली" म्हणत आला की त्याला विचारावे, "गेल्या दोन आठवड्यांत रात्री किती अंश होते?" "बाई, मिरची तिखट निघाली" असे कोणी सांगितले की विचारावे, "बी कोणत्या फळाचे, आणि त्या फुलावर पराग कोणाचे?" एका प्रश्नाचे उत्तर तापमापकाच्या वहीत सापडते, दुसऱ्याचे देठाला बांधलेल्या दोऱ्यावर. पीक कोणतेही असो, दोष देण्याआधी या दोन नोंदी जवळ असाव्यात.